शेवटच्या उंड्याचा खेकडा कुणासाठी?

"ए धाकटे, माज्या बाया कुटं गेल्या?"

थोरल्या जाऊबाई मोबाईल पुढे धरून माझ्या दारात उभ्या होत्या. मी नुकतीच उरवड्याहून कामावरून आले होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात स्कूटरची किल्ली, चप्पल अजून पायातच. कोणत्या बाया, हे विचारायची गरज नव्हती. मोबाईलमधल्या. खेकड्याच्या व्हिडिओखाली रोज येऊन बोलणाऱ्या बाया एकाएकी नाहीशा झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी करड्या अक्षरांत एक ओळ होती: कमेंट्स बंद आहेत.

"तू कुनाला काय बोललीस का?"

"मी कशाला बोलू, बाई?"

"न्हाई, तुजं तोंड जरा सरळ हाय. म्हनून इचारलं."

मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. माल आला की मोजायचा, लिहायचा, जागेवर लावायचा. बोलणं सरळ असतं हे खरं, पण मोबाईलमधल्या बायांशी माझं कधी वाकडं नव्हतं. मी चप्पल काढली, चष्मा लावला आणि फोन हातात घेतला. इतर व्हिडिओंखालच्या बाया जागच्या जागी होत्या. फक्त खेकडा मुका झाला होता.

हा खेकडा काय आहे ते आधी सांगायला हवं.

आमच्या घरात भाकरीचा शेवटचा उंडा भाकरी होत नाही. तांदळाच्या पिठाची उकड काढून, मळून, एकेक उंडा थापत गेलं की शेवटी परातीच्या कडेला खरडून एवढंसं पीठ उरतं. त्याची भाकरी केली तर ती तळहाताएवढी होईल. म्हणून त्याची चिमणी करायची, मोर करायचा, बैल करायचा, आणि घरात जे लहान असेल त्याच्या हातात गरम गरम द्यायचं. सासूबाई करायच्या, त्यांच्यानंतर थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन साताऱ्याहून इथे पुण्याजवळच्या माणला आले तेव्हा मलाही शिकवायचा प्रयत्न झाला. माझी चिमणी बघून सासरे म्हणाले होते, "बटाटा झकास झालाय." तेव्हापासून मी फक्त भाकऱ्या मोजते.

जाऊबाईंचा खेकडा मात्र बघण्यासारखा. भाताच्या खाचरांत वाढलेली बाई, खेकडा कसा चालतो हे तिला कुणी सांगायला नको. चिमटीनं आठ पाय ओढायचे, दोन नांग्या, हुलग्याचे दोन डोळे. मग तो परातीत तिरका तिरका चालायला लागतो. जाऊबाई त्याच्याशी भांडतात. तो तव्यावर जायला तयार नसतो. "मला न्हाई जायचं, तितं लई ऊन हाय," असं तो नाकातून म्हणतो. जाऊबाई म्हणतात, "जा मुकाट्यानं, अंगाला जरा रंग येईल." शेवटी तो जातो, तांबूस होऊन परत येतो आणि ज्याच्या पोटात जायचं त्याच्या पोटात जातो.

आमची मुलं मोठी झाली, बाहेर पडली. पण घर रिकामं नाही. वरच्या दोन मजल्यांवर भाड्याच्या खोल्या आहेत. विदर्भातली, मराठवाड्यातली, खानदेशातली, आयटीत नाहीतर कुठल्या तरी ऑफिसात जाणारी जोडपी, आणि त्यांची जेवायला नको म्हणणारी मुलं. पहिल्या मजल्यावर अकोल्याकडची एक मुलगी राहते. तिची लेक तीन वर्षांची. ही लेक घास तोंडात धरून तासभर बसायची. एक दिवस ती जाऊबाईंच्या चुलीपाशी आली, खेकड्याचे सगळे पाय खाल्ले, मग नांग्या, मग धड, आणि म्हणाली, "अजून." तिच्या आईनं ते सगळं मोबाईलवर टिपलं. आपल्या आईला दाखवायला म्हणून टिपलेलं तिनं पुढे सगळ्यांसाठी चढवलं, आणि त्यातून जाऊबाईंचं चॅनल झालं. कुणी ठरवलं नव्हतं. पैसे म्हणाल तर हुलग्याचा खर्च निघावा एवढेच.

पण बाया आल्या. कुठून कुठून आल्या. कुणी नाशिककडची, कुणी कोल्हापूरची, कुणी परदेशात थंडीत बसलेली. "काकू, माझ्या पिठाला चिरा पडतात." "काकू, आमच्याकडे याला मुटका म्हणतात." "काकू, तुमची बांगडी कुठली?" जाऊबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. वाचतात सावकाश, लिहायचा कंटाळा. म्हणून त्या फोनला बोलून उत्तर देतात. फोनला त्यांची बोली समजेना. त्या 'हाय' म्हणाल्या की तो इंग्रजीत नमस्कार करायचा. "पानी लई गरम हाय" मध्ये शेवटी एक टाटा-बायबाय छापाचा हाय उगवायचा. बायांना ते इतकं आवडलं की त्याही उत्तराच्या शेवटी हाय लिहायला लागल्या.

जाऊबाईंना या सगळ्याचं काय होतं ते मला माहीत होतं, कारण मी त्यांना आधी पाहिलं आहे. भातलावणीला आमच्या खाचरांत पंधरा-वीस बाया एका रांगेत वाकलेल्या असायच्या. हात चिखलात आणि तोंडं सुटलेली. कुणाची सून, कुणाचा नवरा, कुणाचं बाळंतपण, सगळं रोपांबरोबर लागायचं. त्या रांगेच्या एका टोकाला जाऊबाई असायच्या आणि त्यांच्या एका वाक्यावर हसू दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. त्या खाचरांत आता एका कंपनीचं पार्किंग आहे. पार्किंगबद्दल त्यांची तक्रार नव्हती, आमच्या खोल्या त्याच पार्किंगमुळे भरतात. त्यांची अडचण एवढीच होती, की दुपारी अकरा ते चार बोलायला कुणी नाही. मी कामावर, भाडेकरू कामावर, दीर पारावर. मोबाईलमधल्या बायांनी ती दुपार भरली होती. आता खेकड्याखालून त्या गेल्या, उद्या चिमणीखालून जातील, ही धास्ती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

मी त्यांना चहा दिला आणि वरच्या मजल्यावर हाक मारली.

अकोल्याची मुलगी लेकीला कडेवर घेऊन खाली आली. तिनं फोन पाहिला आणि लगेच म्हणाली, "अच्छा, त्यांनी मेड फॉर किड्स लावलं आहे."

"कुणी?"

"त्या कंपनीनं, काकू. व्हिडिओ चढवताना विचारतात ना, हा मुलांसाठी आहे का, हो की नाही. मी दरवेळी 'नाही' दाबायची. म्हटलं, कुकिंग आहे. पण त्यांची सिस्टीम स्वतः पण बघते. त्यांना खेकडा मुलांचा वाटला. मुलांचा म्हटला की कमेंट्स बंद, घंटी बंद, सगळं बंद. मुलांच्या सेफ्टीसाठी असतं ते."

"मंग आता?" जाऊबाईंनी विचारलं.

"आपण त्यांना कळवू शकतो, की तुमचं चुकलं. रिव्ह्यू करतात ते. पण काकू, मला पुढच्या आठवड्यापासून रोज ऑफिसला जायचं आहे. हे आता तुम्ही सांभाळा."

शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं. मी लगेच कागद घेतला. कोणताही चार्ज मी यादी केल्याशिवाय घेत नाही. पासवर्ड कुठला, व्हिडिओ किती, कुठल्या व्हिडिओत कोण दिसतं, आवाज कुणाचा. ती मुलगी हसत होती. "काकू, चॅनल आहे, गोडाऊन नाही." मी म्हटलं, "तुला वाटतं."

आणि मग प्रश्न समोर ठेवला. खेकडा कुणासाठी? मुलांसाठी की मोठ्यांसाठी? जाऊबाईंच्या बाया परत आणायच्या तर उत्तर 'मोठ्यांसाठी' असायला हवं होतं. माझं काम ते सिद्ध करणं. मी दोन रकाने पाडले. मोठ्यांच्या रकान्यात लिहिलं: उकडीची कृती, चूल, पिठाचं प्रमाण, बायांच्या कमेंट्स. मुलांच्या रकान्यात लिहिलं: खेकडा बोलतो. मला वाटलं, चारास एक, संपलं काम.

"पण काकू," अकोल्याची मुलगी म्हणाली, "कमेंट्सवरून कसं ठरेल? तीन वर्षांचं मूल कमेंट थोडीच करणार? जे लिहितात तेवढेच दिसतात. जे नुसते बघतात ते कुठे दिसतात?"

हे मला पटलं. वहीत नोंद झालेला माल आणि मांडणीवरचा माल यांत फरक असतो, हे मी वीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले आहे. मग पद्धत एकच: लेबल वाचायचं नाही, खोकं उघडून बघायचं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी इमारतीतल्या सगळ्या आयांना मुलांसकट आमच्या हॉलमध्ये बोलावलं. पोहे केले. फोन टीव्हीला जोडला. जाऊबाई नवं लुगडं नेसून कोपऱ्यात बसल्या, लग्नात मुलीकडचे बसतात तशा. मी कागद-पेन घेऊन दाराशी.

व्हिडिओ सुरू झाला. पाणी उकळतंय, मीठ पडतंय, पीठ पडतंय. मुलं दहा दिशांना पांगली. एक पडद्याच्या मागे गेलं, एकानं माझ्या किल्ल्यांचा जुडगा पळवला, दोघं सोफ्यावरून उड्या मारू लागले. आया मात्र पुढे सरकल्या. "झाकण किती वेळ ठेवलं?" "थांबवा, थांबवा, परत दाखवा." मी मोठ्यांच्या रकान्यात ठळक खूण केली. जाऊबाईंकडे बघून मान हलवली. त्यांनीही हलवली.

मग पाय ओढायला सुरुवात झाली. आवाज न करता मुलं परत आली. पडद्यामागचं आलं, सोफ्यावरची आली, किल्ल्यावालं किल्ल्या तोंडात घेऊनच आलं. सगळी टीव्हीच्या पुढ्यात, मान वर, तोंड उघडं. "मला न्हाई जायचं, तितं लई ऊन हाय," खेकडा नाकातून म्हणाला आणि खोलीतली सगळी पोरं नाकातून तेच म्हणाली. अकोल्याची, लातूरची, जळगावची, सगळी एका सुरात आमच्या मावळी बोलीत. आयांचं लक्षच उडालं होतं. एक गॅस बघायला वर गेली, दोघी पोह्यांत ओलं खोबरं घातलं की सुकं यावर बोलत होत्या.

मी दुसऱ्या रकान्यात खूण केली. तीही ठळक.

"काय निगालं?" सगळे गेल्यावर जाऊबाईंनी विचारलं.

"अर्धा-अर्धा."

"मंग अर्धा-अर्धा सांग त्यास्नी."

"तसं सांगता येत नाही, बाई. हो नाहीतर नाही."

"असलं कसलं इचारनं? खेकड्याला पुढं पन चालता येत न्हाई आन मागं पन न्हाई. तिरकंच चालतंय ते."

मला हसू आलं, पण कागदावर काय लिहायचं हे ठरेना. तरी त्या आठवड्यात मी अर्ज तयार केला. व्हिडिओचा पहिला भाग पाककृतीचा आहे, तो लांब आहे, चूल आणि विस्तव आहे, त्यामुळे हा मोठ्यांसाठीच आहे. 'च' मी दोनदा खोडला आणि दोनदा लिहिला. पाठवायचं बटण दाबायच्या आधी जाऊबाईंना वाचून दाखवावं म्हणून त्यांच्याकडे गेले. त्या तांदळाच्या कण्या निवडत होत्या.

"आदी हे वाच," त्या म्हणाल्या. "चिमनीखाली एकीनं लई मोठं लिवलंय. माजा चष्मा सापडंना."

नाशिककडची बाई होती. मी वाचलं. 'काकू, आज काय झालं सांगू? मी आंघोळीला गेले होते. चिरंजीवांना तुमचा खेकडा लावून दिला होता. बाहेर येऊन बघते तर कणकेचा गोळा करून, पाय काढून, टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सवर ठेवलेला. कारण काय, तर तो गरम असतो. मला म्हणाला, आई, थांब, अजून तांबूस झाला नाही.'

मी इतकी हसले की कण्यांच्या सुपात हात टेकला. डोळ्यांपुढे तो सेटटॉप बॉक्स आला, त्याच्यावर चढलेला कणकेचा खेकडा, आणि पाठीमागे हात बांधून वाट बघणारे चिरंजीव. हसून झाल्यावर वर बघितलं तर जाऊबाई हसत नव्हत्या. गालात थोडं होतं, पण हात थांबले होते.

"आई आंगुळीला गेली व्हती न्हवं?"

"हो."

"म्हंजी प्वार माज्याकडं सोपवून गेली."

मी सुपात टेकलेला हात काढून घेतला.

"माज्याकडं प्वार सोपवलंय आन मी त्येला इस्तू दावतीया. हितं चुलीपाशी येतंय ते पोरगं, तवा मी एका हातानं त्येला मागं धरती. तितं कोन धरनार? उंद्या त्यानं डब्यावर न ठेवता गॅसवर ठिवला म्हंजी?" त्यांनी सूप बाजूला सारलं. "त्यांनी लावलंय ते बरुबर हाय. पोरांचाच हाय खेकडा. न्हाई म्हनू नगंस."

"आणि तुमच्या बाया?"

त्यांनी एक काळा खडा उचलला, बोटानं उडवला. "बाया मोठ्या हायेत. न्हाई बोलल्या तर न्हाई. प्वार काय म्हनून आपलं आपन जपनार?"

एवढं म्हणून त्या पुन्हा निवडायला बसल्या. पण थोड्या वेळानं, सूप हलवता हलवता, खाली बघूनच त्यांनी विचारलं, "समद्याच व्हिडिओच्या बंद व्हतील का गं?"

तो आवाज ऐकला आणि माझं डोकं चालू झालं. रडत बसणं मला जमत नाही, पण वाटण्या करणं जमतं. मी अर्जाचा कागद उलटा केला.

"बाई, हे लेबल चॅनलला एकच लावायला हवं असं नाही. प्रत्येक व्हिडिओला वेगळं लावता येतं. अर्धा-अर्धा एका व्हिडिओत चालत नाही ना? मग आपण मधोमध कापू. पोरांचा खेकडा वेगळा, बायांची उकड वेगळी."

"त्यो कापून चालंल का पन?"

"खेकडा नाही, व्हिडिओ."

त्या संध्याकाळी मी नियम लिहून काढले. मुलांच्या व्हिडिओत चूल दिसणार नाही. डोळ्यांना हुलगा नाही, काडीनं भोकं पाडायची, कारण हुलगा नाकात जातो. 'आता तू कर' असं म्हणायचं नाही, 'आईला बोलीव' असं म्हणायचं. शेवटी 'मुलांसाठी' हे आपण स्वतः लावायचं, त्यांनी लावायची वाट बघायची नाही. जाऊबाईंनी सगळं मान्य केलं, एक सोडून.

"तव्यावर न्हाई गेला तर त्यो तांबूस कसा व्हनार? पोरं काय येडी हायेत?"

यावर आम्ही दोघी बराच वेळ अडलो. शेवटी त्यांनीच तोड काढली. खेकडा म्हणतो, "मी जरा फिरून येतो," आणि सुपामागे जातो. सुपामागून घोरण्याचा आवाज येतो. मग तो तांबूस होऊन बाहेर येतो आणि म्हणतो, "लई छान झोप लागली." इकडे सुपामागे मी भाजलेला खेकडा घेऊन बसलेली असते, आणि घोरते मी. साताऱ्याच्या घराण्यातली बाई, कारखान्यात तीस जणांना कामाला लावणारी, सुपामागे बसून घोरते. माझ्या नवऱ्यानं तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

जुने व्हिडिओ पुढच्या सुट्टीला टीव्हीवर लावून एकेक करून तपासले. मी पेन घेऊन, जाऊबाई चष्मा लावून, अकोल्याची मुलगी लेकीला मांडीवर घेऊन. चिमणी: मुलांची, पण चूल आहे म्हणून आधी तेवढा भाग काढायचा. मोर: मुलांचा. सुकटीची चटणी: मोठ्यांची, त्यावर कुणाचं दुमत नव्हतं. राख लावून तांदळाची साठवण: मोठ्यांची. मग एक असा निघाला की तिघी अडखळलो. त्यात जाऊबाई कॅमेऱ्याकडे बोट रोखून आयांना रागावतात: "बायांनो, मोबाईल दावून पोरांला भरवू नका. त्येला काय खातुया ते कळत न्हाई."

"हा सगळ्यात जास्त चालतो," अकोल्याची मुलगी म्हणाली. तिच्या तोंडावर जरा अपराधी हसू होतं. "मी पण हाच लावते. हिला भरवताना."

"माजं रागावनं लावून पोरांला भरवता?"

"ती तुमचं बोट बघून तोंड उघडते, काकू."

खरंच, मांडीवरच्या लेकीनं टीव्हीवरचं बोट पाहून आ केला होता. जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. "लाव, आयांसाठी लाव. पोरांनी न्हाई ऐकलं तरी आयांनी ऐकावं." मी मोठ्यांच्या रकान्यात लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह केलं. ते अजून तिथेच आहे. काही माल कुठल्याच मांडणीवर नीट बसत नाही.

आता राहिला बायांचा पहिला खास व्हिडिओ. फक्त मोठ्यांसाठी, खेकड्याशिवाय, उकड कशी काढावी यावर. जाऊबाईंनी त्याची तयारी माझ्या नकळत केली. ठरलेल्या दिवशी मी फोन लावायला चुलीपाशी गेले तर त्या पैठणी नेसून बसलेल्या. गळ्यात सगळे दागिने. पुढ्यात पीठ.

"बाई, हे काय?"

"मोठ्यांसाठी हाय न्हवं? तूच म्हनलीस."

मी फोन चालू केला. त्या ताठ झाल्या, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "नमस्कार भगिनींनो. आज आपण या ठिकाणी तांदळाच्या पिठाची उकड काढणार आहोत." या ठिकाणी! असलं पुण्याच्या सभेतलं मराठी त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. पुढे त्या म्हणाल्या, "सर्वप्रथम आपण जल उकळून घ्यावे." जल उकळलं, उतू गेलं, चूल विझली. धूर झाला. पैठणीला राख लागू नये म्हणून त्या हात लांब धरून पीठ मळायला लागल्या, आणि ज्या बाईच्या उकडीला आयुष्यात कधी गुठळी झाली नाही, तिच्या उकडीला गुठळ्या झाल्या. "गुठळ्या मोडाव्यात," त्या कॅमेऱ्याला म्हणाल्या. तोवर माझा हात हसून इतका हलत होता की व्हिडिओत भूकंप दिसतो.

"बंद कर ते!"

बंद केला. जाऊबाई चिडून उठल्या. "मला न्हाई जमत मोठ्यांसंगं बोलायला. पोरांशी बोलायचं म्हंजी कसं, खेकडा हातात असतुया. हितं काय धरू?"

मला तेव्हा कळलं की आम्ही कुठे चुकलो. व्हिडिओ कापताना मी सगळं बरोबर वाटून दिलं होतं, फक्त एक गोष्ट कुठल्याच रकान्यात घातली नव्हती. जाऊबाई एकट्या कधी बोललेल्याच नाहीत. खाचरात शेजारी बाई असायची, चुलीपाशी पोरगं असायचं, ते नसलं तर खेकडा. रिकाम्या फोनला त्या काय बोलणार?

मी वर हाक मारली. अकोल्याची मुलगी नुकतीच ऑफिसातून आली होती. तिला म्हटलं, ये, बस समोर, आणि भाकरी कर. "मला नाही येत, काकू," ती म्हणाली. मी म्हटलं, "म्हणून तर." जाऊबाईंनी पैठणी उतरवून रोजचं लुगडं नेसलं. फोन मी डब्याला टेकवून ठेवला आणि बाजूला झाले.

त्या मुलीनं पाण्यात पीठ घातलं. लगेच ढवळायला घेतलं.

"अगं ए! हात काढ. तुजं लगीन ठरलं का काय एवढी घाई करायला?"

"ढवळायचं नाही का?"

"झाक आन गप बस. वाफंला तिचं काम करू दे. नवऱ्याला पन असंच ढवळतीस का?"

"तो ढवळल्याशिवाय उठतच नाही, काकू!"

आणि मग जे सुरू झालं ते मला ओळखीचं होतं. हात पिठात आणि तोंडं सुटलेली. त्या मुलीची पहिली भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली. जाऊबाईंनी ती उचलून कॅमेऱ्याला दाखवली आणि बोट ठेवलं: "हे बग, हितं माण हाय, आन ह्ये हितं फाटलंय तितं हिचं अकोला." दुसरी भाकरी फुगली. फुगली तेव्हा दोघी इतक्या जोरात ओरडल्या की माझे दीर पारावरून विचारायला आले, काय झालं म्हणून. तेही व्हिडिओत आहेत, दारात उभे, टोपी हातात.

चढवताना प्रश्न आला. हा व्हिडिओ मुलांसाठी बनवला आहे का? जाऊबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा नाकावर चढवला, सावकाश वाचलं, आणि स्वतःच्या बोटानं 'नाही' दाबलं.

दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळी कामावरून आले. जाऊबाई पायरीवर बसल्या होत्या, फोन तोंडाजवळ. भाकऱ्यांची वेळ टळून गेली होती आणि चूल अजून पेटली नव्हती. मी चहाला बोलावलं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही, नुसता हात उडवला.

"थांब गं जरा. कोल्लापूरची एक म्हनतीया, उकडीत तेल घालायचं." आणि फोनला, एकेक शब्द ठासून: "तेल. डोक्याला. लावत्यात. बाई."